कैरोच्या पडद्यावरचे शेख

1926 साली कैरोच्या रंगभूमीवर यूसुफ वहबीचा दबदबा होता. वय तिशीच्या आत, हाताशी स्वतःची ‘रमसीस’ नाटक मंडळी, आणि दरबारापासून पिटातल्या प्रेक्षकापर्यंत सर्वांच्या तोंडी नाव. त्याच्याकडे विदाद उर्फी नावाचा एक तुर्की गृहस्थ प्रस्ताव घेऊन आला. युरोपातल्या कंपनीच्या पैशावर प्रेषित मुहंमद पैगंबरांच्या जीवनावर चित्रपट काढायचा आणि मुख्य भूमिका वहबीने करायची. वहबी हो म्हणाला. बातमी छापून आली आणि गहजब उडाला. अल-अझहर या हजार वर्षांच्या विद्यापीठातून फतवा निघाला: प्रेषितांचं सोंग घेणं धर्माला मान्य नाही. राजा फुआदने तर नागरिकत्व काढून घेऊन देशाबाहेर घालवण्याची तंबी दिली. वहबीने वर्तमानपत्रात पत्र छापलं आणि अंग काढून घेतलं.

इजिप्तचा पहिला मोठा कथापट मानला जाणारा ‘लैला’ त्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबर 1927 मध्ये झळकला. अझीझा अमीर या नटीने तो स्वतःच्या हिमतीवर काढला. दिग्दर्शनाला सुरुवातीला हाच उर्फी होता, त्याला मध्येच बाजूला करावं लागलं. म्हणजे या देशात सिनेमाचा धंदा नीट उभा राहण्याआधीच पडद्यावर कोण दिसायचं नाही हे ठरून गेलं होतं. पुढे ही बंदी सेन्सॉरच्या नियमांत आली आणि प्रेषितांपुरती न राहता पहिल्या खलिफांपर्यंत आणि प्रेषितांच्या घरच्या माणसांपर्यंत पसरली.

मराठी प्रेक्षकाला ही अडचण चटकन कळणार नाही. आपल्या सिनेमाची सुरुवातच देवादिकांना पडद्यावर आणून झाली. दादासाहेब फाळक्यांनी राम आणि कृष्ण दाखवले, आणि 1936 मध्ये ‘प्रभात’ने विष्णुपंत पागनीसांच्या रूपात तुकाराम दाखवला तेव्हा लोकांनी थिएटरात हात जोडले. कैरोतल्या दिग्दर्शकाला मात्र धार्मिक चित्रपट काढायचा तर ज्याच्याभोवती सगळी कथा फिरते ती व्यक्तीच वगळावी लागे. चेहरा नाही, आवाज नाही, सावलीसुद्धा नाही.

यातून वाट निघाली ती ताहा हुसेन यांच्या एका पुस्तकामुळे. हा अंध लेखक स्वतः 1926 सालीच अझहरच्या रोषाला सामोरा गेला होता, इस्लामपूर्व काव्यावरच्या ग्रंथामुळे. पुढे तेच देशाचे शिक्षणमंत्री झाले. ‘अल-वअद अल-हक्क’ या पुस्तकात त्यांनी मक्केतल्या पहिल्या मुसलमानांची कथा सांगितली होती, पण ती सरदारांची नव्हे, तर गुलामांची आणि निराधारांची. मालकाने वाळूत तापत ठेवलेली, चाबकाखाली मोडणारी आणि तरीही एकच देव म्हणत राहणारी ही माणसं. त्यावर इब्राहीम इझ्झ अद-दीनने 1951 मध्ये ‘जुहूर अल-इस्लाम’, म्हणजे ‘इस्लामचा उदय’, काढला. तो तुफान चालला.

त्यानंतर असे चित्रपट काढण्याची रीतच पडली. 1953 मध्ये ‘बिलाल’ आला, नमाजाची पहिली बांग देणाऱ्या हबशी गुलामावर. 1963 मध्ये नियाझी मुस्तफाने बसरा शहरातल्या राबिया या सूफी संत स्त्रीवर चित्रपट केला, नायिका नबीला उबैद. 1972 मध्ये ‘अश-शैमा’ आला, तो प्रेषितांच्या दूधबहिणीवर. या चित्रपटांचे सेट पुठ्ठ्याचे वाटत आणि दाढ्या चिकटवलेल्या दिसत. तरी दूरचित्रवाणी आल्यावर दर रमजानला तेच पुन्हापुन्हा दाखवले जात, आणि घराघरांत पाहिलेही जात. मोठ्यांना दाखवायला बंदी असल्यामुळे इजिप्तच्या धार्मिक चित्रपटाचा नायक आपोआप लहान माणूस झाला. गुलाम, दाई, नाचणारी, बहीण. श्रद्धेची गोष्ट खालून वर सांगितली गेली.

हीच युक्ती पुढे हॉलिवुडच्या तोलाने वापरली गेली. अलेप्पोत जन्मलेला आणि अमेरिकेत शिकलेला मुस्तफा अक्काद याने 1970 च्या दशकात ‘द मेसेज’ एकाच वेळी दोन भाषांत चित्रित केला. इंग्रजीत प्रेषितांचे चुलते हमझा यांच्या भूमिकेत अँथनी क्विन, अरबीत अब्दुल्ला गैथ. प्रेषित कुठेच दिसत नाहीत. पात्रं कॅमेऱ्याकडे बघून बोलतात आणि उत्तराची जागा शांततेने भरते. मोरोक्कोत चित्रीकरण थांबवावं लागलं, मग ते गद्दाफीच्या लिबियात पुरं झालं. अझहरची मान्यता शेवटी मिळाली नाहीच. मार्च 1977 मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका सशस्त्र गटाने तीन इमारतींत शंभरावर माणसं ओलीस धरली. त्यांच्या मागण्यांत हा चित्रपट बंद करा ही एक होती. पुढे तोच चित्रपट मुस्लिम जगात सणासुदीला लावण्याचा ठेवा ठरला. नोव्हेंबर 2005 मध्ये जॉर्डनच्या राजधानीत अल-कायदाने हॉटेलांत स्फोट घडवले, त्यांत अक्काद आणि त्याची मुलगी दोघंही गेली.

ऐतिहासिक पोशाखातली ही श्रद्धा एका बाजूला चालू असताना कैरोच्या चांगल्या दिग्दर्शकांचं लक्ष दुसरीकडे होतं. गावच्या मशिदीत नमाज पढवणारा, निकाह लावणारा, तंटे मिटवणारा शेख त्यांना खुणावत होता. त्यांचे शेख साधारण दोन प्रकारचे. ‘संत तुकाराम’ पाहिलेल्याला ते नवे वाटणार नाहीत. एकीकडे सालोमालो, दुसरीकडे तुकोबा.

पहिल्या प्रकारचा अस्सल नमुना सलाह अबू सैफच्या 1967 च्या ‘अझ-झौजा अथ-थानिया’मध्ये, म्हणजे ‘दुसरी बायको’मध्ये आहे. गावप्रमुखाला मूल नाही. त्याची नजर एका गरीब शेतमजुराच्या बायकोवर पडते, आणि नवऱ्याला धमकावून तलाक द्यायला लावण्याचा बेत ठरतो. इथे गावचा शेख पुढे होतो. आवाज मऊ, हातात जपमाळ, आणि तोंडी सत्तेवर असलेल्यांची आज्ञा पाळायला सांगणारी आयत, अर्धवट तोडून वापरलेली. हसन अल-बारूदीने हा शेख असा केला की त्याची ती लकब इजिप्तमध्ये लाचार धर्मगुरूची ओळख बनली. सुआद होस्नीची फातिमा मात्र या सगळ्यांना पुरून उरते. ती प्रमुखाला नाना बहाण्यांनी झुलवत ठेवते आणि खऱ्या नवऱ्याकडूनच तिला दिवस जातात. चित्रपटात धर्माची टिंगल कुठेच नाही. टिंगल आहे ती धर्म खिशात घालून फिरणाऱ्यांची, आणि खेड्यातला प्रेक्षक हा फरक बरोबर ओळखत होता.

दुसऱ्या प्रकारचा शेख दोन वर्षांनी आला, हुसेन कमालच्या ‘शैय मिन अल-खौफ’मध्ये, म्हणजे ‘थोडीशी भीती’मध्ये. सर्वत अबाझा यांच्या कथेवरचा हा कृष्णधवल चित्रपट. दहाशना गावावर अतरीस नावाच्या दरोडेखोराची हुकमत आहे. भूमिका महमूद मुर्सीची. तो गावाचं पाणी तोडतो. शादियाने केलेली फुआदा एकटी जाऊन पाण्याचं दार उघडते. अतरीस तिला मारत नाही, तिच्याशी लग्न ठरवतो. ती नकार देते, बाप घाबरून तिची संमती असल्याचं खोटं सांगतो आणि निकाह लागतो. हे कळल्यावर शेख इब्राहीम गावभर सांगत सुटतो की मुलीची संमती नसेल तर हे लग्नच नाही. शस्त्र नाही की माणसं नाहीत. धर्मशास्त्राचं एक साधं कलम एवढंच त्याच्याजवळ आहे. त्याबद्दल त्याच्या मुलाला लग्नाच्या दिवशी गोळी घातली जाते. मग तो अंत्ययात्रेला निघालेल्या गावाला घेऊन, मशाली पेटवून, अतरीसच्या वाड्यावर चालून जातो.

सेन्सॉरला यात अतरीस म्हणजे राष्ट्राध्यक्ष नासेर आणि फुआदा म्हणजे इजिप्त दिसू लागली. चित्रपट अडकला. अखेर नासेरने स्वतः पाहून परवानगी दिली, अशी हकीकत कैरोत आजही सांगतात. त्या मोर्चातली लग्न रद्दबातल ठरवणारी घोषणा पडद्यावरून रस्त्यावर आली. नंतरचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्धच्या निदर्शनांत ती त्याच चालीवर ऐकू आली, आणि पुढे मुस्लिम ब्रदरहूडच्या मुर्सी सरकारविरुद्धही.

शेख इब्राहीम करणारा नट यह्या शाहीन. त्याच्या कारकिर्दीत या सगळ्या छटा एकत्र पाहता येतात. 1953 चा बिलाल तोच. 1964 च्या ‘बैन अल-कसरैन’मध्ये, नगीब महफूझ यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटात, तो घरात बायकोला उंबरा ओलांडू न देणारा आणि रात्री गाणारणींच्या मैफलीत रमणारा व्यापारी झाला. हा व्यापारी ढोंगी आहे म्हणावं तर त्याची पहाटेची नमाज खरी आहे, आणि हेच महफूझ यांना सांगायचं होतं. यूसुफ शाहीनच्या ‘अल-अर्द’मध्ये (दोघांचं आडनाव सारखं, नातं काही नाही) तो शेख हसूना झाला. तरुणपणी इंग्रजांविरुद्ध लढलेला, गावाला ज्याचा आधार वाटतो असा, आणि ऐन वेळी स्वतःची जमीन सांभाळून काढता पाय घेणारा. बिलाल आणि हसूना यांच्यामध्ये किती पायऱ्या असतात हे त्या एका चेहऱ्यावरून प्रेक्षकाने पाहिलं.

श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांची सीमा सर्वांत नाजूकपणे हाताळली ती 1968 च्या ‘किंदील उम्म हाशिम’ने. यह्या हक्की यांच्या 1944 च्या लघुकादंबरीवर कमाल अतियाने तो केला. कैरोच्या सय्यिदा झैनब मोहल्ल्यात प्रेषितांच्या नातीच्या नावाची मशीद आहे, तिच्यात एक दिवा टांगलेला. त्या दिव्याचं तेल डोळ्यांत घातलं की आजार बरा होतो, असा मोहल्ल्याचा विश्वास. मोहल्ल्यातला इस्माईल विलायतेत शिकून डोळ्यांचा डॉक्टर होऊन येतो, तर आई त्याच्या वाग्दत्त फातिमाच्या डोळ्यांत तेच तेल घालताना दिसते. तो संतापाने मशिदीतला दिवा फोडतो आणि लोकांचा मार खातो. आधुनिक माणसाची गोष्ट म्हणून ती इथे संपवता आली असती. पण त्याच्या औषधाने फातिमाची दृष्टी जाते. मोहल्ल्याला ज्याच्याबद्दल विश्वासच वाटत नाही त्या डॉक्टरच्या हाताला गुण येत नाही, हे त्याला हळूहळू उमगतं. रमजानमध्ये तो मशिदीत परततो आणि मग त्याच शास्त्राने, पण लोकांमधला एक होऊन, उपचार सुरू करतो. तेलामुळे डोळे बिघडतात हे चित्रपट लपवत नाही, आणि दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसांना मूर्खही ठरवत नाही.

एवढ्या विविध शेखांच्या गर्दीत राजकीय इस्लामचा कार्यकर्ता मात्र जवळजवळ नव्हताच. हसन अल-बन्नाने ब्रदरहूड स्थापली ती 1928 मध्ये, ‘लैला’नंतर वर्षभरातच. ऑक्टोबर 1954 मध्ये अलेक्झांड्रियाच्या सभेत नासेरवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि संघटना चिरडली गेली. तिचे विचारवंत सय्यिद कुत्ब तुरुंगात गेले आणि 1966 मध्ये फासावर चढले. हे कुत्ब मूळचे साहित्यसमीक्षक, महफूझ यांच्या लेखनाचं मोल सर्वांत आधी ओळखणाऱ्यांपैकी एक. महफूझ याच काळात सलाह अबू सैफसाठी पटकथा लिहीत होते आणि काही काळ सरकारी सेन्सॉर खात्याचे प्रमुखही होते. देशातला सर्वांत मोठा वैचारिक संघर्ष तुरुंगात आणि भूमिगत छापखान्यांत चालला होता. सरकारी मालकीच्या चित्रपट महामंडळाला त्याचं नाव काढायची सोय नव्हती. नासेरनंतर सत्तेवर आलेल्या सादात यांनी ब्रदरहूडला मोकळीक दिली, पुढे 1981 मध्ये त्यांचा खून जहाल इस्लामी गटाने केला, तरीही पडदा बराच काळ गप्प होता.

तो बोलू लागला 1990 च्या दशकात, आणि बोलू लागला तो आदिल इमामच्या तोंडून. अरब जगातला सर्वांत लोकप्रिय विनोदी नट. 1992 मध्ये वहीद हामिदने लिहिलेला आणि शरीफ अरफाने दिग्दर्शित केलेला ‘अल-इरहाब वल-कबाब’ आला, म्हणजे ‘दहशतवाद आणि कबाब’. मुलांच्या शाळाबदलीचा कागद मिळवायला एक सामान्य माणूस तहरीर चौकातल्या ‘मुगम्मा’ या अवाढव्य सरकारी इमारतीत खेटे घालतो. ज्याची सही हवी तो कारकून सदानकदा नमाजात. टेबलावर कधीच सापडत नाही. झटापटीत नायकाच्या हाती बंदूक येते, बाहेर पोलिसांचा वेढा पडतो, तुमच्या मागण्या काय असं विचारलं जातं, आणि आत अडकलेली भुकेली माणसं कबाब मागवतात. सरकारी कामचुकारपणाने पांघरलेली धार्मिकता इतकी हसतहसत आणि इतकी अचूक कुणी दाखवली नव्हती.

त्याच वर्षी, 8 जून 1992 रोजी, सेक्युलर विचारांचे लेखक फरग फोदा यांना त्यांच्या कचेरीबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांच्या खटल्यात मुहंमद अल-गझाली या मान्यवर शेखांनी साक्ष दिली की धर्मत्यागी माणसाला मारणं शास्त्राला धरून आहे. पर्यटकांच्या बसवर हल्ले सुरू झाले, व्हिडिओच्या दुकानांना आगी लागल्या. मुबारक सरकारने पोलिसांबरोबर पडदाही कामाला लावला. 1994 च्या रमजानमध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर ‘अल-आइला’ ही मालिका आली. तिच्यात कट्टरपंथी विचाराशी झगडणारा म्हातारा झाला होता महमूद मुर्सी, पूर्वीचा अतरीस. आणि थिएटरांत आला ‘अल-इरहाबी’, पोलिसांच्या बंदोबस्तात.

नादिर गलालच्या या चित्रपटात आदिल इमाम हा अली नावाचा अतिरेकी आहे. पळताना तो एका मोटारीखाली येतो आणि पाय मोडून एका सुखवस्तू डॉक्टरच्या घरात पाहुणा होतो, खोट्या नावाने. शेजारी कॉप्टिक ख्रिश्चन. त्याच्याशी दोस्ती झाल्यावर तो कोण हे कळून अलीची उडणारी धांदल, फुटबॉलच्या सामन्याच्या आनंदात दोघांनी मारलेली मिठी, डॉक्टरच्या मुलीवर जडलेला जीव, सगळं इमामने बहारीने केलं. लेनिन अर-रमलीची पटकथा चतुर आहे. पण तिच्यात एक पोकळी आहे. अलीच्या टोळीचा अमीर नुसता खलपुरुष आहे, अलीचं दारिद्र्य एका वाक्यात उरकलं आहे, आणि त्याच्यावर उतारा म्हणून दिसतं ते बंगल्यातलं मोकळंढाकळं, सुखी आयुष्य. देवावर मनापासून विश्वास ठेवणारा आणि तरीही खून नाकारणारा माणूस, शेख इब्राहीमसारखा, इथे कथेच्या मध्यभागी कुठेच नाही. सरकारला पोलीस आणि अतिरेकी एवढी दोनच पात्रं हवी होती. इजिप्तमधल्या कोट्यवधी लोकांचं घर मात्र या दोहोंच्या मध्ये होतं.

यह्या शाहीन याच 1994 साली वारला. त्याच वर्षाने सरकारी भूमिकेतली गोम उघडी पाडली. 14 ऑक्टोबरला 82 वर्षांच्या महफूझ यांच्या मानेत एका तरुणाने सुरा खुपसला. कारण 1959 मध्ये ‘अल-अहराम’मधून क्रमशः छापलेली ‘औलाद हारितना’ ही कादंबरी, जी त्या तरुणाने वाचलेलीही नव्हती. महफूझ वाचले, पण लिहिता हात जवळजवळ गेला. आणि डिसेंबरच्या अखेरीस न्यायालयाने यूसुफ शाहीनच्या ‘अल-मुहाजिर’वर बंदी घातली. ही मूळची योसेफची गोष्ट. योसेफ इस्लाममध्येही प्रेषित असल्याने अझहरने आधीच हरकत घेतली होती, म्हणून शाहीनने नायकाचं नाव बदलून राम ठेवलं होतं. तरी एका वकिलाने दावा लावला आणि तो टिकला. एकीकडे अतिरेक्यांविरुद्ध चित्रपटाला पोलीस संरक्षण, दुसरीकडे प्रेषिताशी साम्य दिसलं म्हणून चित्रपट बंद. दोन्ही एकाच देशात, एकाच वर्षात. बंदी पुढच्या वर्षी उठली.

शाहीनने याचं उत्तर बाराव्या शतकातून दिलं. 1997 च्या ‘अल-मसीर’चा, म्हणजे ‘नियती’चा, नायक आहे इब्न रुश्द. कुर्तुब्याचा काझी, वैद्य आणि ॲरिस्टॉटलचा भाष्यकार. खलिफा अल-मन्सूरच्या आज्ञेने 1195 मध्ये त्याचे ग्रंथ जाळले गेले, हे इतिहासात आहे. शाहीनने त्याभोवती गाणी, नाच, घोडदौड आणि जेवणावळी असा सगळा थाट मांडला. नाचाची आवड असलेला खलिफाचा धाकटा मुलगा हळूहळू एका पंथाच्या हाती कसा लागतो, तिथे त्याचा पोशाख, शब्द आणि नजर कशी बदलते, हे त्याने दाखवलं. मुहंमद मुनीर या न्यूबियन गायकाने केलेल्या मारवान या कवीवर सुरा चालतो तेव्हा कैरोच्या प्रेक्षकाला महफूझ आठवणं साहजिक होतं. ‘अल-इरहाबी’पेक्षा हा चित्रपट एका बाबतीत पुढे होता. त्याच्या नायकाची बुद्धिनिष्ठा धर्माबाहेरून आलेली नाही. नूर अश-शरीफने रंगवलेला इब्न रुश्द न्यायासनावर बसून शरियतचाच अर्थ लावतो, आणि त्याच्याविरुद्ध कारस्थान करणारा दरबारी शेख सत्तेचा अर्थ लावतो. कान महोत्सवाने आपल्या पन्नासाव्या वर्षाचा खास पुरस्कार त्या साली शाहीनला दिला.

नोव्हेंबर 1997 मध्ये लक्सरला 62 जणांचं हत्याकांड झालं आणि सशस्त्र गटांचा लोकाधार ओसरला. पण समाज अधिक धार्मिक होत चालला होता, आणि ते बंदुकीने घडलं नव्हतं. आखातात नोकरी करून आलेली कुटुंबं, ध्वनिफितींवरची प्रवचनं, मग उपग्रह वाहिन्यांवरचे सुटाबुटातले प्रवचनकार. धंद्याने हे बरोबर हेरलं. ‘इस्माइलिया राइह गाय’ या 1997 च्या विनोदी चित्रपटाच्या यशानंतर ‘स्वच्छ सिनेमा’ हा परवलीचा शब्द झाला. चुंबन नाही, पोहण्याचा पोशाख नाही, सहकुटुंब बघा.

नट्यांनी हिजाब घेऊन निवृत्त होण्याची लाट त्याआधीच आली होती. सर्वांत मोठं नाव शादियाचं. पाण्याचं दार उघडणाऱ्या फुआदाने 1980 च्या दशकाच्या मध्याला सिनेमा सोडला आणि 2017 मध्ये मरेपर्यंत ती कॅमेऱ्यापासून दूर राहिली. सेक्युलर समीक्षकांनी अशा नट्यांवर आखाती पैशाचे आरोप केले, प्रवचनकारांनी त्यांना विजयपताकेसारखं मिरवलं. शादियाने मात्र जुन्या कामाचा गाजावाजाने धिक्कार केला नाही. हनान तुर्कने 2006 मध्ये हिजाब घेतला आणि काही वर्षं तो घालूनच कामही केलं. पटकथालेखकांना चाळीस वर्षं न सापडलेली पात्रं त्यांच्या स्वतःच्या मेकअपच्या खोलीत बसलेली होती.

2006 च्या ‘याकूबियन बिल्डिंग’ने असंच एक निसटलेलं पात्र उचललं. अला अल-अस्वानी यांची कादंबरी, मरवान हामिदचं दिग्दर्शन, लेखन त्याचे वडील वहीद हामिद यांचं. इमारतीच्या रखवालदाराचा मुलगा ताहा परीक्षेत उत्तम गुण मिळवतो, पोलीस अकादमीच्या मुलाखतीत बापाच्या धंद्यामुळे नाकारला जातो, विद्यापीठात मशिदीतल्या मुलांमध्ये त्याला पहिल्यांदा बरोबरीची वागणूक मिळते, पुढे मोर्चातून पकडला जाऊन पोलीस कोठडीत त्याची विटंबना होते, आणि तिथून त्याचा अतिरेकी होतो. 1994 च्या अलीला जे मिळालं नव्हतं ते ताहाला मिळालं: कारणं. त्याच इमारतीत हज्ज अझ्झाम नावाचा पैसेवाला आहे. दुसरं लग्न गुपचूप करायचं असो की मंत्र्याला लाच, कपाळावर नमाजाचा घट्टा आणि सोयीचा सल्ला देणारा शेख त्याच्या पदरी असतो. ही भूमिका नूर अश-शरीफची. नऊ वर्षांपूर्वीचा इब्न रुश्द.

अरब वसंत आला, ब्रदरहूड निवडून आली, 2013 मध्ये लष्कराने तिला हटवलं. त्यानंतर आलेले दोन चित्रपट जुन्या शेखाकडे नव्याने बघतात. इब्राहीम ईसा यांच्या कादंबरीवरचा, मगदी अहमद अली दिग्दर्शित ‘मौलाना’ जानेवारी 2017 मध्ये लागला. त्यातला हातिम हा वाहिनीवरचा हजरजबाबी धर्मगुरू आहे. प्रायोजक, प्रेक्षकसंख्या आणि गुप्तचर खातं यांच्यामध्ये तारेवर चालताना तो काय म्हणायचं आणि काय गिळायचं याचा हिशोब रोज मांडतो. श्रद्धा त्याच्याजवळ खरी आहे, पण ती बोलायची परवानगी नाही. चित्रपटात चर्चवरचा हल्ला आहे. तो प्रदर्शित होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी कैरोतल्या एका कॉप्टिक चर्चमध्ये खरोखर स्फोट झाला होता.

त्याच वर्षीच्या ‘शेख जॅक्सन’मध्ये अम्र सलामाने त्याहून धाडस केलं. 2009 मध्ये मायकल जॅक्सन गेल्याची बातमी एक सलफी इमाम गाडी चालवताना ऐकतो आणि गाडी ठोकतो. शाळेत असताना तो जॅक्सनचा वेडा भक्त होता. आता त्याला नमाजात रडू येईनासं होतं, आणि रडू न येणं म्हणजे ईमान कमी पडलं, या भीतीने तो पोखरला जातो. लांब दाढीच्या माणसाला इजिप्तच्या पडद्यावर आतून पाहण्याचा असा प्रयत्न क्वचितच झाला होता. तो बंदूक घेत नाही, कुणाला फसवत नाही, बायकोवर ओरडला तर नंतर ओशाळतो. देशाने हा चित्रपट ऑस्करला पाठवला, आणि काही महिन्यांत त्याच चित्रपटावर ईशनिंदेची तक्रार दाखल होऊन चौकशी लागली.

खुद्द अझहरच्या आवारात शिरणारा चित्रपट यायला 2022 उजाडलं. तारिक सालेहच्या ‘बॉय फ्रॉम हेवन’मध्ये कोळ्याचा मुलगा आदम शिष्यवृत्तीवर अझहरमध्ये येतो. थोरले इमाम मरण पावतात आणि त्या जागी आपला माणूस बसवायला गुप्तचर खातं आदमला खबऱ्या बनवतं. त्याच प्रांगणात ब्रदरहूडच्या विचारांची मुलांची गुप्त टोळी आहे, सरकारी मर्जीतला शेख आहे, आणि सत्य बाहेर यावं म्हणून न केलेला खून अंगावर घेणारा एक अंध शेखही आहे. पटकथेला कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. सालेहला त्याच्या आधीच्या चित्रपटापासून इजिप्तमध्ये पाय ठेवता येत नाही, त्यामुळे अझहर म्हणून दिसते ती इस्तंबूलची सुलेमानिया मशीद. दिग्दर्शक स्टॉकहोमचा, आदम झालेला तौफिक बरहूम पॅलेस्टिनी, गुप्तचर अधिकारी झालेला फारिस फारिस लेबनॉनमध्ये जन्मलेला स्वीडिश, आणि पैसा युरोपातला.